वायिश्लाख पराशा: तिम्ना, पेटीतली दीना आणि अक्षरांवरचे ठिपके

धागाकर्ता: जुनी पोथी

तालमुद, म्हणजे यहुदी ऋषींच्या चर्चांचे प्राचीन संकलन, त्यातल्या सान्हेद्रिन या ग्रंथात (पान 99ब) यहूदाचा राजा मनश्शे तोरेची, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची, टवाळी करताना दाखवला आहे. तो विचारतो, "मोशेला लिहायला दुसरे काही सुचले नाही का? लोटानची बहीण तिम्ना होती आणि तिम्ना ही एसावाचा मुलगा अलीपाज याची उपपत्नी होती, हे लिहून त्याने काय साधले?" तालमुदाने मनश्शेला टवाळखोर म्हणून दोष दिला आहे, मात्र त्याचा प्रश्न बाजूला टाकलेला नाही. आता विषय निघालाच आहे तर पाहू, असे म्हणून तिम्नाच्या त्या ओळीकडे ऋषींची चर्चा वळते, आणि तिथून जे उत्तर निघते ते मला या संपूर्ण पराशेतले सर्वांत धाडसी भाष्य वाटते. म्हणून हा धागा.

परिचय नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. तोरेची पाच पुस्तके वर्षभरात वाचून पूर्ण व्हावीत म्हणून त्यांचे 54 भाग पाडलेले आहेत, आणि अशा प्रत्येक भागाला पराशा म्हणतात. वायिश्लाख ही आठवी पराशा असून ती किस्लेव महिन्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, शनिवारी सकाळी वाचली जाते. हिब्रू पोथीप्रमाणे ती उत्पत्तीच्या 32व्या अध्यायातल्या 4थ्या वचनापासून 36व्या अध्यायाच्या शेवटापर्यंत आहे. मराठी पवित्र शास्त्र उघडून पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे की 32व्या अध्यायापुरते मराठीतले वचनांक हिब्रूपेक्षा एकाने मागे आहेत. मी हिब्रू क्रमांक देत आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. सासरा लाबान याच्याकडे वीस वर्षे काढून याकोब परत निघाला आहे. ज्या भावाचा आशीर्वाद त्याने फसवून घेतला, तो एसाव चारशे माणसे घेऊन समोरून येत आहे. रात्री याब्बोक नदीच्या काठी एक अनोळखी पुरुष याकोबाशी पहाटेपर्यंत झुंजतो आणि त्याच्या मांडीचा सांधा निखळतो. पुढे भावांची भेट होते, शखेममध्ये याकोबाची मुलगी दीना हिच्यावर अत्याचार होतो, तिचे भाऊ शिमोन आणि लेवी ते शहर उद्ध्वस्त करतात, राहेल वाटेत बाळंतपणात मरते, आणि शेवटी एसावाची लांबलचक वंशावळ येते. पुष्कळ वाचक ती वंशावळ भराभर उरकून टाकतात. तिम्ना तिथेच आहे.

तालमुदाचे म्हणणे असे. तिम्ना ही राजकन्या होती, कारण तिचा भाऊ लोटान याला त्याच अध्यायात सरदार म्हटले आहे, आणि असे सरदारपद म्हणजे मुकुट नसलेले राजेपदच. तिला याकोबाच्या पूर्वजांचा धर्म स्वीकारायचा होता. ती अब्राहाम, इसहाक आणि याकोब या तिघांकडे आली आणि तिघांनीही तिला स्वीकारले नाही. तेव्हा, दुसऱ्या राष्ट्रात मालकीण होण्यापेक्षा या राष्ट्रात दासी होणे बरे, असे म्हणून ती एसावाच्या मुलाची उपपत्नी झाली. तिच्या पोटी अमालेक जन्मला, आणि त्याच अमालेकाच्या वंशजांनी पुढे इस्राएलाला छळले. असे का घडले? तालमुद उत्तर देतो: त्यांनी तिला दूर लोटायला नको होते.

ज्या तीन पूर्वजांच्या नावाने यहुदी माणूस दिवसातून तीनदा प्रार्थना करतो, त्या तिघांना इथे एका परक्या स्त्रीच्या प्रकरणात दोषी ठरवले आहे. अमालेक हा तर तोरेतला कायमचा शत्रू. त्याचा जन्म आपल्याच घराच्या बंद दारापाशी झाला, असे हे ऋषी सांगतात, आणि त्यासाठी त्यांना आधार आहे तो ज्याची राजाने टर उडवली त्या एका ओळीचा.

माझे मत असे आहे की ही एकटीदुकटी गोष्ट नसून या पराशेवरील भाष्यांची ती एक प्रवृत्तीच आहे. मजकुरात जिथे काही खटकते, कमी वाटते किंवा अनावश्यक वाटते, तिथे हे भाष्यकार थांबतात, आणि बहुतेक वेळा त्या खटकणाऱ्या जागेतून आपल्याच पूर्वजांच्या वागण्याची चौकशी सुरू करतात. दुसरे उदाहरण दीनाचे आहे. 32:23 मध्ये म्हटले आहे की याकोबाने आपल्या दोन बायका, दोन दासी आणि अकरा मुले घेऊन नदी ओलांडली. त्या वेळी त्याला अकरा मुलगे आणि एक मुलगी होती. मग दीना कुठे गेली? बेरेशिथ रब्बा हा साधारण पाचव्या शतकात इस्राएलच्या भूमीत संकलित झालेला मिद्राश (मजकुरातून कथा आणि अर्थ काढणारे भाष्य) सांगतो की याकोबाने तिला पेटीत घालून कुलूप लावले, कारण एसावाची नजर तिच्यावर पडली तर तो तिला मागेल, अशी त्याला भीती वाटली. फ्रान्समधल्या त्र्वा गावचा राशी (1040–1105) हेच आपल्या भाष्यात घेतो आणि पुढे म्हणतो की याकोबाला याची शिक्षा मिळाली: कदाचित तिने एसावाला चांगल्या मार्गावर आणले असते, तिला भावापासून लपवली आणि ती शखेम नावाच्या राजपुत्राच्या हाती पडली.

माणसे मोजताना एक कमी पडले, एवढ्यावरून हे भाष्यकार विचारतात की तुझ्या भावाला सुधारण्याची संधी तू का नाकारलीस. आपापले वाचन आणि आक्षेप अवश्य मांडावेत.

प्रतिसाद: मुळाक्षर

धागा आवडला, मात्र तिम्नाच्या बाबतीत चित्र एकाच बाजूने मांडले गेले आहे असे वाटते. राशीने 36:12 वर भाष्य करताना तालमुदातले हे कठोर उत्तर घेतलेले नाही. तो मिद्राशातले दुसरे उत्तर घेतो: अब्राहामाचे मोठेपण कळावे म्हणून ही ओळ लिहिली आहे, कारण सरदारांच्या घरातल्या मुलीलाही त्याच्या वंशाशी नाते जोडायची इतकी ओढ होती की पत्नी होण्याचे भाग्य नसेल तर निदान उपपत्नी तरी होऊ दे, असे तिने म्हटले. या वाचनात पूर्वजांवर ठपका तर नाहीच, उलट त्यांची स्तुती आहे.

राशीसमोर आणखी एक कोडे होते. पवित्र शास्त्रातल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायात तिम्नाचे नाव अलीपाजच्या मुलांच्या यादीत येते. ती उपपत्नी असेल तर मुलांच्या यादीत कशी? राशीचे उत्तर असे की अलीपाजने लोटानचा बाप सेईर याच्या बायकोशी संबंध ठेवला, त्यातून तिम्ना जन्मली आणि मोठी झाल्यावर ती त्याचीच उपपत्नी झाली. म्हणूनच तिला लोटानची बहीण म्हटले, सेईरची मुलगी म्हटले नाही. म्हणजे राशीने दोष टाकला तो एसावाच्या घरावर. तेव्हा हे भाष्यकार सरसकट आपल्याच माणसांची चौकशी करतात, या विधानाला मर्यादा घालावी लागेल. आपल्या पूर्वजांना सावरून घेणारे आणि एसावाला काळे फासणारे भाष्यही तितकेच विपुल आहे.

प्रतिसाद: जुनी पोथी

मुळाक्षर यांचा मुद्दा योग्य आहे आणि तो नोंदवायलाच हवा होता. याच पराशेत त्याला बळ देणारे मोठे उदाहरण आहे. 35:22 मध्ये रऊबेनाने बापाच्या उपपत्नीशी, बिल्हेशी, संग केला असे स्पष्ट लिहिले आहे, आणि तालमुदात (शब्बाथ 55ब) म्हटले आहे की रऊबेनाने पाप केले असे जो म्हणतो तो चुकतो. त्याने फक्त बापाचा बिछाना हलवला होता, कारण राहेल वारल्यावर याकोबाने आपले अंथरूण लेआऐवजी बिल्हेच्या तंबूत नेले, आणि आईचा तो अपमान रऊबेनाला सहन झाला नाही. पोथीत त्या वचनाच्या मधोमध ओळ तोडून जागा मोकळी सोडलेली आहे. "आणि इस्राएलाने ते ऐकले" (इस्राएल हे याकोबाचेच नाव) इतके लिहून पुढे रिकामी जागा येते, आणि याकोबाने काय केले ते कुठेच सांगितलेले नाही.

तरीही माझे मूळ म्हणणे मी सोडत नाही. सावरून घेणारे भाष्य जगातल्या प्रत्येक परंपरेत सापडते, कारण आपल्या पूज्य माणसांना सावरून घेणे हे स्वाभाविक आहे. स्वतःवर ठपका ठेवणारे भाष्य लिहिले जाते, ते बाराशे-पंधराशे वर्षे काढून टाकले जात नाही आणि पाठशाळेत मुलांना शिकवले जाते, ही गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक विचार करण्यासारखी आहे.

प्रतिसाद: काठावरून

नदीकाठच्या झुंजीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. "याकोब एकटाच मागे राहिला" (32:25) हे वाक्य विचित्र आहे. स्वतः सगळ्यांना पलीकडे पोचवून तो मागे का राहिला? तालमुद (खुल्लिन 91अ) म्हणतो की काही लहान मडकी राहून गेली होती, ती आणायला तो परत गेला; आणि त्यावर रब्बी एलाझार सांगतो की नीतिमान माणसाला आपली वस्तू जिवापेक्षा प्रिय असते, कारण तो चोरीला हात लावत नाही आणि त्याची प्रत्येक वस्तू कष्टाची असते.

तो पुरुष कोण होता, याचे बेरेशिथ रब्बामधले उत्तर सर्वज्ञात आहे: तो एसावाचा रक्षक देवदूत होता. मात्र तो दिसत कसा होता, याबद्दल खुल्लिनच्या त्याच पानावर दोन मते शेजारी शेजारी दिलेली आहेत. एक म्हणतो की तो मूर्तिपूजकासारखा दिसत होता. दुसरा म्हणतो की तो विद्वान पंडितासारखा दिसत होता. धोका कधी उघड परक्याच्या रूपात येतो, कधी आदरणीय माणसाच्या रूपात, असे त्यातून मला वाचता येते, आणि दोन्ही मते ठेवल्यामुळेच ते वाचता येते.

पहाट होताच तो पुरुष म्हणतो, "मला जाऊ दे." यावर तालमुदातला याकोब त्याला विचारतो, "पहाटेला भ्यायला तू चोर आहेस की जुगारी?" तो उत्तर देतो की मी देवदूत आहे, आणि निर्माण झाल्यापासून देवापुढे स्तुतिगीत गाण्याची माझी पाळी आजवर आली नव्हती, ती आज आली आहे.

याच प्रसंगावर राशीचा नातू राश्बाम याने बाराव्या शतकात जे लिहिले, ते धागाकर्त्यांच्या मताला थेट पुष्टी देणारे आहे. तो मिद्राशाकडे न जाता मजकुराच्या सरळ अर्थावर चालतो. त्याच्या मते याकोब त्या रात्री पळून जायच्या बेतात होता. एसावाला टाळून दुसऱ्या वाटेने निसटावे म्हणून त्याने अंधारात माणसे नदीपलीकडे नेली. देवाने त्याला सांभाळण्याचे वचन दिले होते, आणि तरीही तो पळत होता. देवदूत आला तो त्याला अडवायला, आणि लंगडेपण ही त्या अविश्वासाची शिक्षा होती. राश्बाम उदाहरणे देतो ती मोशे, योना आणि बलाम यांची: देवाने सांगितलेली वाट टाळणाऱ्या किंवा तिच्याविरुद्ध जाणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही भोगावे लागले. इस्राएल हे नाव मिळण्याच्या गौरवाच्या रात्री याकोब पळपुटा होता, असे एका सनातनी भाष्यकाराने शांतपणे लिहून ठेवले आहे.

प्रतिसाद: उंबरठा

तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्री मायमोनिदिसचे मत इथे यायला हवे. "भ्रमितांचा मार्गदर्शक" या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातल्या 42व्या प्रकरणात तो म्हणतो की तोरेत जिथे जिथे माणसाला देवदूत दिसला किंवा बोलला, तिथे तो प्रसंग दृष्टान्तात घडला असे समजावे, आणि याब्बोकची झुंजही त्यात धरावी. भाष्यकार रामबान (1194–1270) याने अब्राहामाच्या तीन पाहुण्यांच्या प्रसंगावर लिहिताना हे मत कडक शब्दांत खोडले आहे. त्याचा प्रश्न साधा आहे: झुंज दृष्टान्तात झाली असेल, तर जागा झाल्यावर याकोब लंगडत का होता?

याच लंगडण्यावर तोरा एक आहारनियम उभा करते, त्यामुळे रामबानाचा आक्षेप मला अधिक पटतो.

प्रतिसाद: रेवदंडा

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, कुटुंबातला आहे. उंबरठा यांनी ज्या आहारनियमाचा उल्लेख केला, त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण स्वयंपाकघराशी थेट जोडलेला पराशेतला भाग तोच आहे.

32:33 म्हणते की इस्राएलाची मुले आजपर्यंत मांडीच्या सांध्यावरची शीर खात नाहीत. ही शीर म्हणजे कमरेच्या मणक्यांपासून निघून खुब्यातून मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरणारी ती जाड नस, जिच्यामुळे माणसाला सायटिकाचे दुखणे होते. तालमुदात तिच्या दोन शिरा सांगितल्या आहेत: हाडालगतची आतली शीर तोरेनेच निषिद्ध केलेली, आणि मांसालगतची बाहेरची शीर ऋषींनी निषिद्ध केलेली. तिच्याभोवतीची चरबीही रूढीने वर्ज्य मानतात. तालमुदात रब्बी यहूदा म्हणतो की नियम एकाच मांडीला लागू आहे आणि तर्काने ती उजवी असावी. पण मिश्नेचा, म्हणजे तालमुदाच्या पायाशी असलेल्या नियमसंग्रहाचा, निर्णय उजव्या आणि डाव्या दोन्ही मांड्यांना लागू असा आहे. पक्ष्यांना तो लागू नाही, कारण त्यांच्या खुब्याला तशी वाटी नसते. सुरीने ती शीर तिच्या सर्व फाट्यांसह सोडवून काढणे हे हाताला वळण लागल्याशिवाय जमत नाही, आणि मांस फार कुरतडले जाते. म्हणूनच अनेक देशांत जनावराचा मागचा भाग कोशर (यहुदी आहारनियमांत बसणारा) म्हणून विकायला ठेवतच नाहीत; तो सरळ बाहेर विकून टाकतात. चीनमधल्या काइफेंग शहरातल्या यहुद्यांना तर शेजारी "शिरा काढणाऱ्यांचा पंथ" याच नावाने ओळखत असत.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो. "सेफेर हखिनुख" या तेराव्या शतकातल्या ग्रंथाप्रमाणे संपूर्ण उत्पत्तीच्या पुस्तकात तोरेतल्या 613 आज्ञांपैकी फक्त तीन आहेत: संतती वाढवणे, सुंता, आणि ही शीर. आता मिश्नेतल्या याच प्रकरणात (खुल्लिन 7:6) वाद आहे की ही बंदी याकोबाच्या मुलांवर तेव्हाच आली की सिनाय पर्वतावर. ऋषींचे उत्तर असे की आज्ञा सिनायवर दिली गेली, पण ती तिच्या जागी लिहिली गेली. त्यावर मायमोनिदिस आपल्या मिश्नाभाष्यात लिहितो की ही शीर आम्ही खात नाही ती याकोब लंगडला म्हणून नव्हे, तर मोशेमार्फत आम्हाला आज्ञा झाली म्हणून. तरीही सिनायच्या आज्ञेला घर मिळाले ते याब्बोकच्या काठी, एका लंगडणाऱ्या माणसाशेजारी. राश्बामचे म्हणणे खरे धरले, तर पूर्वजाच्या पळून जाण्याची खूण प्रत्येक कोशर कसायाच्या हाताखालून रोज जाते.

प्रतिसाद: नदीपलीकडे

दीनाबद्दल माझा आक्षेप आहे. पेटीची कथा धागाकर्त्यांनी आत्मपरीक्षणाचे उदाहरण म्हणून मांडली, पण त्या आत्मपरीक्षणाची किंमत कोणी मोजली? बापाच्या चुकीबद्दल शिक्षा मुलीला. 34व्या अध्यायात दीना एक शब्दही बोलत नाही. "दीना बाहेर गेली" एवढ्यावरून राशी तिला आईसारखीच बाहेर फिरणारी म्हणतो, म्हणजे तिच्यावरच बोट ठेवतो. मिद्राशातली दुसरी कल्पना, की ती एसावाला दिली असती तर तो सुधारला असता, हीही मला अस्वस्थ करते. चारशे सशस्त्र माणसे घेऊन येणाऱ्या पुरुषाला सुधारण्याचे काम एका मुलीवर का टाकायचे? शिवाय सरळ अर्थाने पाहिले तर कोडे उरतच नाही: तोरा अशा ठिकाणी मुलगे मोजते आणि मुली मोजत नाही.

प्रतिसाद: जुनी पोथी

हा आक्षेप मी हलका करू इच्छित नाही. राशीच्या त्या वाक्याचे समर्थन मला करता येत नाही आणि करायचेही नाही. सरळ अर्थाबद्दलही तुमचे म्हणणे बरोबर आहे. मिद्राशकारांनाही तो सरळ अर्थ माहीत असणारच. मुली मोजल्या जात नाहीत हे ठाऊक असूनही त्यांनी "दीना कुठे आहे?" असे विचारले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मजकुराने जिला मोजले नाही, तिची विचारपूस या प्रश्नात आहे. दिलेले उत्तर अपुरे आहे, आणि ते वाचून आपण अस्वस्थ होतो हे योग्यच आहे.

याच अध्यायावरचा पुढचा वाद पाहा. शिमोन आणि लेवीने संपूर्ण शहराची कत्तल केली, ती न्याय्य होती का? मायमोनिदिस म्हणतो (राजांविषयीचे नियम, 9:14) की शखेमच्या नागरिकांनी आपल्या राजपुत्राचा गुन्हा पाहिला, तो त्यांना माहीत होता, आणि तरी त्यांनी त्याचा न्याय केला नाही. न्यायव्यवस्था चालवणे ही सर्व मानवजातीवरची आज्ञा आहे, म्हणून ते सगळे दोषी ठरले. रामबानाला हे अजिबात मान्य नाही. तो विचारतो की असे असते, तर मग ती शिक्षा देण्याचे काम याकोबाचेच आधी होते. तो घाबरला असे म्हटले, तरी मृत्युशय्येवर त्याने दोघा मुलांच्या क्रोधाला शाप का दिला? त्या शहराने याकोबाच्या घराचे काही वाईट केले नव्हते आणि सुंता करून घेऊन ते विश्वासाने राहिले होते, म्हणून मुलांनी केले ते पाप होते, असे रामबान ठरवतो. तोरा स्वतः निकाल देत नाही. भावांचा प्रश्न, "त्याने आमच्या बहिणीला वेश्येसारखे वागवावे काय?", हे त्या अध्यायाचे शेवटचे वाक्य आहे आणि त्यावर बापाचे उत्तर लिहिलेले नाही.

प्रतिसाद: मुळाक्षर

ठिपक्यांचा विषय शीर्षकात आहे, म्हणून तो मी घेतो. 33:4 मध्ये एसाव धावत येतो, याकोबाला मिठी मारतो, त्याच्या गळ्यात पडतो, "आणि त्याने त्याचे चुंबन घेतले", आणि दोघे रडतात. चुंबनाच्या त्या हिब्रू शब्दावर, प्रत्येक अक्षरावर एकेक, ठिपके दिलेले आहेत. तोरेच्या गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात. काळ्या शाईचे हे ठिपके संपूर्ण तोरेत फक्त दहा जागी आहेत, आणि आजही लेखनिक ते हाताने तसेच उतरवतो.

बेरेशिथ रब्बामध्ये (78:9) दोन मते आहेत. रब्बी शिमोन बेन एलाझार म्हणतो की ठिपके सांगतात, त्या क्षणी एसावाच्या मनात दया दाटून आली आणि त्याने मनापासून चुंबन घेतले. रब्बी यन्नई विचारतो, तसे असेल तर ठिपके कशाला? त्याच्या मते एसाव चावायला आला होता, याकोबाची मान संगमरवरासारखी कठीण झाली, आणि दोघे रडले ते एक मानेच्या दुखण्याने आणि दुसरा दातांच्या. शिमोन बार योखाईचे वचन राशी देतो: एसाव याकोबाचा द्वेष करतो हे ठरलेलेच आहे, पण त्या वेळी त्याची दया जागी झाली आणि त्याने संपूर्ण मनाने चुंबन घेतले. मध्ययुगीन भाष्यकार इब्न एझ्रा मात्र म्हणतो की ठिपक्यांवरचे असे भाष्य दूध सुटलेल्या तान्ह्या मुलांसाठी ठीक आहे. सरळ अर्थाने पाहता एसावाच्या मनात भावाचे वाईट करायचे नव्हते, आणि त्याला साक्ष आहे ते दोघांचे रडणे, योसेफ आपल्या भावांबरोबर रडला तसेच.

मी आधी घेतलेला आक्षेप इथे मला स्वतःलाच थोडा सैल करावा लागतो. वोलोझिनच्या पाठशाळेचा प्रमुख नत्झिव (1816–1893) याच वचनावर लिहितो की "दोघे रडले" यातून याकोबाच्या मनातही एसावाबद्दल प्रेम जागे झाले हे कळते. आणि पुढच्या काळातही एसावाची संतती शुद्ध मनाने इस्राएलाला ओळखू लागेल, तेव्हा आम्हीही एसावाला आमचा भाऊ म्हणून ओळखू. रशियन साम्राज्यात, ज्या शतकात यहुद्यांवर हिंसक हल्ले झाले त्या शतकात, हे लिहिले गेले आहे.

प्रतिसाद: रेवदंडा

ठिपक्यांबद्दल एक भर. "आवोथ दे-रब्बी नाथान" या ग्रंथात त्यांचे कारण शास्त्री एज्राच्या तोंडी दिले आहे. एज्रा म्हणतो: उद्या संदेष्टा एलीया येऊन विचारू लागला की हे असे का लिहिलेस, तर मी सांगेन की मी त्यावर ठिपके दिले आहेत, आणि त्याने बरोबर लिहिले आहेस असे म्हटले, तर ठिपके काढून टाकीन. म्हणजे ठिपका ही लेखनिकाची शंका आहे, पुसून न टाकता उघडपणे नोंदवलेली.

कोकणातल्या आमच्या समाजात एलियाहू हन्नाबी (हाच एलीया संदेष्टा) म्हणजे घरातलाच माणूस. नवस फेडताना मलिद्याचे ताट त्याच्या नावाने मांडतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे. त्याच एलीयाने येऊन पाठाचा निवाडा करावा म्हणून ते शब्द ठिपक्यांखाली थांबून आहेत, हे मुलांना सांगितले की पराशा त्यांना आपली वाटते.

प्रतिसाद: उंबरठा

वंशावळीतल्या आणखी एका ओळीचा उल्लेख करतो. 36:31 म्हणते, "इस्राएलावर कोणी राजा राज्य करण्यापूर्वी" अदोमात हे राजे होऊन गेले. मोशेच्या काळात इस्राएलात राजेच नव्हते, मग हे कोणी लिहिले? यित्झखाकी नावाच्या विद्वानाने मध्ययुगातच म्हटले की हा भाग यहोशाफाट राजाच्या काळात लिहिला गेला. इब्न एझ्राने त्यावर, याचे पुस्तक जाळण्याच्या लायकीचे आहे, असे लिहिले. परंतु तसे लिहिताना यित्झखाकीचे मत मात्र त्याने आपल्या भाष्यात व्यवस्थित नोंदवून ठेवले, आणि आज ते आपल्याला माहीत आहे ते त्याच्यामुळेच.

दबोरेबद्दलही कोणी लिहावे. रिबकेच्या दाईचा मृत्यू 35:8 मध्ये आहे, पण खुद्द रिबकेचा मृत्यू तोरेत कुठेच नाही.

प्रतिसाद: जुनी पोथी

दबोरेबद्दल थोडक्यात. राशी म्हणतो की याकोबाला परत बोलावण्यासाठी रिबकेने तिला पाठवले होते आणि ती वाटेत वारली. जिच्याखाली तिला पुरले त्या झाडाला रडण्याचे नाव मिळाले. एका दाईसाठी इतका शोक का, यावरून मिद्राश सांगतो की त्याच वेळी याकोबाला आईच्या मृत्यूची बातमी कळली. रामबान कारण देतो: याकोब दूर होता, इसहाक आंधळा होता, एसाव आईचा द्वेष करत होता, तिच्या अंत्यविधीला मानाने उभे राहणारे घरचे कोणी नव्हते, म्हणून तोरेने तो लिहिला नाही. इथेही आशीर्वादाच्या त्या फसवणुकीचा परिणाम कुठवर पोचला, हे सांगितले आहे.

तिम्नाकडे परत येऊन थांबतो. सेफार्दी (मुळात स्पेनकडच्या यहुद्यांच्या) रिवाजात, आणि बेने इस्रायल समाज तोच रिवाज पाळतो, वायिश्लाखनंतर संदेष्ट्यांतला जो भाग वाचतात तो म्हणजे ओबद्याचे पुस्तक. तनाखमधले, म्हणजे यहुदी पवित्र शास्त्रातले, हे सर्वांत छोटे पुस्तक, अवघी 21 वचने, आणि त्यात अदोमाचा, म्हणजे एसावाच्या वंशाचा, कडक धिक्कार आहे. हा ओबद्या कोण? तालमुद (सान्हेद्रिन 39ब) रब्बी मेईरच्या नावाने सांगतो की तो यहुदी धर्म स्वीकारलेला अदोमी होता. आणि गिट्टिन 57ब मध्ये नोंद आहे की एस्तेरच्या पुस्तकातला यहुद्यांचा वैरी हामान याचे वंशज, ज्यांचे कुळ परंपरेने अमालेकापर्यंत पोचते, बने-ब्राक गावात तोरा शिकत होते. तिम्नाला तीन घरांनी नाकारले. तिच्या पणतवंडांच्या पणतवंडांना पाठशाळेत बसायला जागा मिळाली. मुळाक्षर, आपण राशीचे सौम्य उत्तर मांडलेत ते मला मान्य आहे, पण तालमुदाच्या या दोन नोंदी लक्षात घेता "दूर लोटायला नको होते" हे वाक्य त्या ऋषींनी पूर्ण जबाबदारीने लिहिले होते असेच मला वाटते. दबोरेच्या झाडाबद्दल किंवा बेथेलच्या मुक्कामाबद्दल कोणाकडे आणखी भाष्ये असतील तर इथेच लिहावीत. पुढच्या शनिवारच्या वायेशेवसाठी वेगळा धागा काढतो.